जिन्याखालचा सर्व्हर आणि न सापडलेला तिसरा भाग

मी एक जुना सर्व्हर आहे. एका सार्वजनिक वाचनालयात, जिन्याखालच्या अरुंद खोलीत माझा मुक्काम आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांनी विचारायचे आणि आपण शोधून सांगायचे, एवढेच काम करणारा संगणक. मला स्वतःचा पडदा नाही, की कोणी बोटे चालवावीत असा कीबोर्ड नाही. करड्या पत्र्याची ट्रंकेएवढी पेटी, पुढे दोन हिरवे दिवे आणि मागे घरघरणारा पंखा, हे माझे रूप. वाचनालयातली जुनी माणसे मला 'डबा' म्हणतात. मित्रांनो, नावावर जाऊ नका. या डब्याच्या पोटात चाळीस हजार पुस्तकांचे पत्ते आहेत.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या शेडमध्ये झाला. तिथे कामगार बायका ओळीने बसून आम्हा भावंडांना जोडत असत. एकीने माझ्यात मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, दुसरीने पंखा बसवला. तिसरी माझे झाकण लावत होती आणि लावता लावता शेजारणीला आपल्या सुनेची तक्रार सांगत होती. तक्रार रंगात आली आणि एक स्क्रू लावायचा राहिला. तो आजतागायत राहिलेलाच आहे. मी इतरांपेक्षा जरा जास्त घरघरतो तो त्यामुळेच, असे माझे मत आहे.

मला वाचनालयात आणले तेव्हा जिन्याखालच्या खोलीत शिडी, झाडू आणि मोडक्या खुर्च्या होत्या. त्या हलवून मला जागा केली. खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे, आणि पडद्यापलीकडे देवघेवीचा काउंटर. त्यामुळे वाचनालयात कोण काय बोलले, ते सगळ्यात आधी माझ्या कानी पडते.

काउंटरवर शिक्केकाका बसत. तारखेचा शिक्का ते असा काही मारत की शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हलत असे, म्हणून हे नाव. पुस्तकांच्या कार्डांचे भले मोठे कपाट तीस वर्षे त्यांच्या ताब्यात होते. मला पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा डबा मला काय सांगणार?" ते ग्रंथपाल बाईंना म्हणाले. "कार्ड हातात धरलं की मला पुस्तक डोळ्यांपुढे दिसतं, बाई. ह्याला दिसेल?"

बाई बुटक्या, मोजके बोलणाऱ्या, अंबाड्यात कायम पेन्सिल खोवलेल्या. त्या म्हणाल्या, "नाही दिसणार. म्हणून तर तुम्ही सांगायचं आणि त्यानं लक्षात ठेवायचं."

शिक्केकाका दोन वर्षे सांगत राहिले. ते कार्ड वाचत, टायपिस्ट मुली टाइप करत, आणि मी साठवत असे. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक, कपाट, खण. शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. तो रिकामा सोडला तरी चालणार होते, पण शिक्केकाका कसले सोडतात! 'कोपरा उंदराने खाल्ला आहे.' 'पान ४१ वर चहाचा डाग, आधीपासूनचा, वाचकाला बोलू नये.' 'अक्षर मोठे, वयस्करांना आवर्जून द्यावे.' मित्रांनो, मला पुस्तके दिसत नाहीत हे खरे. पण त्या शेऱ्यांमुळे माझी त्यांच्याशी ओळख झाली.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. पूर्वी एक पुस्तक शोधायला पंधरा मिनिटे लागत, ते मी क्षणात सांगू लागलो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. फोटो मात्र छापून आला तो काउंटरवरच्या संगणकाच्या पडद्याचा. मी जिन्याखालीच राहिलो. राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, ही रीत यंत्रांतही आहे.

आमच्या शहरात आणखी चार वाचनालये होती. एक कॉलेजचे, एक इस्पितळाचे, एक महिला मंडळाचे आणि एक कारखान्यातल्या कामगारांचे. चौघांकडेही माझ्यासारखा एकेक संगणक होता, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाच पुस्तकाला एक जण 'भाग २' म्हणे, दुसरा 'खंड दुसरा', तिसरा 'पुस्तक दोन'. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. एखादे पुस्तक आमच्याकडे नसले की वाचकाने उरलेल्या चार ठिकाणी पाय झिजवायचे. पुष्कळदा ते पाचव्या ठिकाणी सापडे आणि तोवर ते वाचनालय बंद झालेले असे.

यावर एक योजना निघाली. एक नवा मोठा संगणक आणायचा, पाचही वाचनालयांच्या याद्या त्यात ओतायच्या आणि आम्हा पाच जुन्यांना भंगारात काढायचे. हे बोलणे काउंटरवरच झाले. माझा पंखा दोन मिनिटे नुसता भिरभिरला. बाईंना वाटले उकाडा वाढला, त्यांनी खिडकी उघडली.

मला वाचवले ते कारखान्याच्या वाचनालयाच्या दादांनी. तेही माझ्यावरच्या मायेने नव्हे, तर हट्टाने. दादा म्हणजे भक्कम बांध्याचे, मिशा ओठांवर आलेले, पूर्वी लेथवर काम केलेले गृहस्थ. बैठकीत त्यांनी टेबलावर हात आपटला.

"आमची पुस्तकं कामगारांनी एकेक करून जमवलीत. त्यांची यादी दुसऱ्याच्या पेटीत जाणार नाही. जाणार नाही म्हणजे नाही!"

योजना तिथेच अडली. आठ महिने काही हलले नाही. मग बाईंची भाची चार दिवस मावशीकडे विश्रांतीला म्हणून आली. संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा तिचा व्यवसाय. मावशीचे गाऱ्हाणे ऐकून ती हसत सुटली.

"मावशी, वाटीभर साखर हवी असली तर तू काय करतेस?"

"शेजारणीकडे मागते."

"तिच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडत नाहीस ना? तिची साखर कुठल्या डब्यात आहे, डबा फळीवर आहे की कपाटात, तुला काय करायचंय! तू दारातून वाटी पुढे करतेस, ती भरून देते. आपण तेच करू. याद्या ज्याच्या त्याच्या घरी राहू देत. प्रत्येकाला फक्त एक खिडकी पाडू. खिडकीतून विचारायचं, खिडकीतून सांगायचं."

अशा खिडकीला तिच्या धंद्यात वेब सेवा म्हणतात. एक सेवा, एक काम. एकीने सांगायचे की पुस्तक आमच्या यादीत आहे की नाही. दुसरीने सांगायचे की ते जागेवर आहे की बाहेर गेले आहे. तिसरीने ते राखून ठेवायचे. अशा लहान लहान सेवा जोडून सगळा संसार उभा करायचा.

शिक्केकाका इतका वेळ कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे देवघेवीचा काउंटरच की हा! फक्त तारेतला."

"काका, मी कॉलेजात चार वर्षं घालवून जे शिकले, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत," भाची म्हणाली. त्या दिवशी शिक्केकाकांनी शिक्के जरा जास्तच जोरात मारले.

भाचीने एक कागद तयार केला. कसे विचारायचे आणि कसे उत्तर द्यायचे, याचे नियम त्यावर होते. तो कागद घेऊन ती चार वाचनालये फिरली. तिघांनी लगेच होकार दिला. कारखान्याच्या दादांनी तिला उंबऱ्यावरच थांबवले.

"यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावत, दादा. तुम्हीच लावा. मी खुर्चीवर बसून सांगते."

चार दिवस ती खुर्चीवर बसून सांगत होती आणि दादा एका बोटाने टाइप करत होते. तिसऱ्या दिवशी दादांनीच तिच्या कागदात चूक काढली. "आणि 'उत्तरार्ध' लिहिलं असेल तर? आमच्याकडे शेवटच्या भागाला तसं लिहायची पद्धत आहे. तुमच्या कागदात त्याला जागाच नाही." भाचीने जीभ चावली आणि कागद दुरुस्त केला. तेव्हापासून कोणी भाग म्हणो, खंड म्हणो की उत्तरार्ध म्हणो, आम्ही पाचही जण एकच समजू लागलो. दादा मात्र सगळ्यांना सांगत सुटले की खिडकी त्यांनीच पाडली. ते अगदी खोटेही नव्हते.

पहिल्या दिवशी मी चौघांना एक प्रश्न विचारला आणि चौघांनी उत्तर दिले. मित्रांनो, बारा वर्षे एका शहरात राहून आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो. त्या सकाळी आम्ही दोनशे प्रश्न विचारले. त्यातले निम्मे गरजेचे होते. बाकीचे भाचीने केवळ हौसेने विचारायला लावले.

आता माझ्या हातून घडलेल्या चुकीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुरी होणार नाही.

आमच्याकडे एक निवृत्त बसड्रायव्हर येऊ लागले होते. त्यांची बायको त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. बावीस वर्षे एकाने बस हाकली आणि दुसरीने माणसे. तिच्या डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी तिला तीन आठवडे पालथे झोपून राहायला सांगितले होते. मान वर करायची नाही, टीव्ही नाही, खिडकीबाहेर बघणे नाही. जी बाई दिवसभर चालत्या बसमध्ये उभी राहून गर्दीला दामटत आली, तिला उशीत तोंड खुपसून पडणे म्हणजे सक्तमजुरीच. दुसऱ्या दिवशीच ती नवऱ्याला म्हणाली, "मला काहीतरी वाचून दाखवा, नाहीतर मी उठून बसते."

ड्रायव्हरकाकांनी जन्मात बसच्या पाट्यांपलीकडे फारसे वाचले नव्हते. बाईंनी त्यांना एक जुनी कादंबरी दिली. तीन भागांची. एका दीपगृहाचा रखवालदार आणि त्याच्या दोन मुली. काका अडखळत वाचू लागले आणि दोघेही त्यात पार बुडाले. सहा दिवसांत दोन भाग संपले. दुसऱ्या भागाच्या शेवटी धाकटी मुलगी बापाशी भांडून, गाठोडे घेऊन धक्क्यावर उभी आहे, बोटीने भोंगा दिला आहे, आणि पुस्तक संपते.

तिसरा भाग आमच्याकडे नव्हता. छप्पर गळून तो भिजला होता आणि कधीच बाद झाला होता. काका दुपारी सव्वाच्या सुमाराला घामाघूम होऊन आले. शिक्केकाका जेवायला गेले होते. बाईंनी माझ्याकडून चौकशी केली.

मी चौघांना विचारले. कॉलेज म्हणाले, नाही. इस्पितळ म्हणाले, नाही. महिला मंडळ म्हणाले, नाही. कारखान्याकडून काहीच आले नाही. मी नेमून दिल्याप्रमाणे दहा सेकंद थांबलो आणि बाईंच्या पडद्यावर लिहिले, 'कोठेही उपलब्ध नाही.'

"कुठंच नाही हो," बाई म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. "बरं," म्हणाले आणि गेले.

नवव्या दिवशी सकाळी अकराला ते परत आले. शेजाऱ्याची काच फोडून आलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा होता.

"बाई, माझ्या हातून एक गुन्हा झालाय."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "काय झालं?"

"आठ दिवस झाले, मी तिला तिसरा भाग वाचून दाखवतोय."

"पण तो तर मिळाला नव्हता!"

"तेच तर सांगतोय."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा बायकोने उशीतूनच विचारले, "मिळाला?" एवढ्या आशेने विचारले की त्यांच्या तोंडून हो निघून गेले. मग काय करणार? दुसराच भाग मांडीवर उघडून ते मनानेच सांगू लागले. धाकटी मुलगी बोटीत चढते. पुढच्या बंदरात उतरते. पुढे काय करावे ते काकांना सुचेना. मग त्यांनी तिला एका बसमध्ये बसवले.

"बसमध्ये?" शिक्केकाका म्हणाले.

"मला दुसरं काय येतं हो! बस काढली, घाटात नेली. आठ दिवस बस चालली आहे. आणि आज सकाळी ती म्हणते, 'अहो, आठ दिवस झाले, पान उलटल्याचा आवाज आला नाही.'"

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"पुढे म्हणते, 'मला पहिल्याच दिवशी कळलं. लेखकाला क्लचमधलं एवढं कुठून कळणार? पण गोष्ट बरी चालली होती, म्हणून बोलले नाही. आता मला खरा तिसरा भाग पाहिजे. बावीस वर्षांत मी बिनतिकिटाचा माणूससुद्धा आडरस्त्यात उतरवला नाही. ही पोरगी तर धक्क्यावर उभी आहे.' बाई, काहीही करा. दुसऱ्या शहरातून मागवा. पण तिचा माझ्यावर परत विश्वास बसला पाहिजे."

शिक्केकाका खुर्चीवरून उठलेच. "दीपगृहाचा तिसरा भाग? तो कारखान्याच्या वाचनालयात आहे! हिरवा पुठ्ठा. मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय."

"सर्व्हर तर नाही म्हणाला होता," बाई म्हणाल्या.

"परत विचारा!"

बाईंनी परत विचारले. मी चौघांना हाक दिली. तिघे पूर्वीसारखेच नाही म्हणाले. कारखान्याने डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगितले, 'आहे. उत्तरार्ध. जागेवर.'

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती. एका माणसाला मी रणरणत्या उन्हात रिकाम्या हाताने परत पाठवले होते आणि त्याला बायकोशी खोटे बोलावे लागले होते. पुस्तक सगळा वेळ दोन किलोमीटरवर जागच्या जागी उभे होते. 'मी सांगत होतो ना' असे म्हणायची शिक्केकाकांना बारा वर्षांत याहून चांगली संधी आली नसती. पण ते पडदा बाजूला करून आत आले आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. चष्मा घरी विसरलो की मीही लोकांना 'नाही' सांगून मोकळा व्हायचो."

भाचीला फोन गेला. ती दुपारच्या आत येऊन हजर झाली. आम्ही सर्व्हर दिवसभरात काय केले याची रोजनिशी लिहून ठेवतो. तिने माझी रोजनिशी उघडली आणि सव्वा वाजताच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे बघ, मावशी. ह्यानं चौघांना विचारलं. तिघं 'नाही' म्हणाले. चौथा बोललाच नाही. आणि मी शहाणीनं ह्याला शिकवून ठेवलं होतं, कोणी बोललं नाही तर 'नाही' समज." तिने कपाळावर हात मारून घेतला. "शेजारणीनं दार उघडलं नाही, म्हणजे तिच्या घरात साखर नाही, असं कुठं असतं का?"

मग तिने दादांना फोन लावला. दादांचा आवाज फोनमधून पडद्याआड मला ऐकू येत होता.

"दादा, दुपारी सव्वा वाजता तुमचं यंत्र बंद असतं का?"

"एक ते दोन बंद असतं. एकच प्लग आहे. किटली लावायची असते."

"रोज?"

"म्हणजे काय! चहा काय एक दिवसाआड पितात?"

भाचीने फोनवर हात ठेवून पोटभर हसून घेतले. मग तिने दोन तास बसून मला तिसरे उत्तर शिकवले. 'आहे' आणि 'नाही' यांच्या जोडीला मी आता म्हणू शकतो, 'कारखान्याच्या वाचनालयाकडून उत्तर आलेले नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.' आणि मी खरेच दर दहा मिनिटांनी विचारत राहतो. या एका वाक्याने मला जो हलकेपणा दिला, तो नव्या मेमरीच्या पट्टीनेही दिला नव्हता. कारखान्याच्या वायरमनने त्याच दिवशी दादांना दुसरा प्लग बसवून दिला.

पुस्तक दादांनी कोणाच्या हाती दिले नाही. दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून, सायकलला बांधून ते स्वतःच घेऊन आले. आमच्या वाचनालयात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकले. ड्रायव्हरकाका वाटच पाहत होते. त्यांनी दादांचे दोन्ही हात धरले.

"माझ्या किटलीपायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं," दादा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना त्यांना कोणी ऐकले नव्हते.

"छे हो. किटली नसती तर माझी बस सुटली नसती," काका म्हणाले आणि पुस्तक छातीशी धरून घाईघाईने निघाले. दादा मात्र रेंगाळले. त्यांनी पडदा सारून मला निरखले. "हाच का तो? आमच्या यंत्रापेक्षा लहान दिसतो," असे समाधानाने म्हणाले आणि शिक्केकाकांशी पुस्तकशिलाईच्या दोऱ्यावर दीड तास वाद घालून गेले.

महिन्याभराने कंडक्टरकाकू स्वतः आल्या. काळा चष्मा लावलेला, चाल अशी की बाजूला व्हायला कोणाला सांगावे लागू नये. काका मागून येत होते. काकूंनी हिरव्या पुठ्ठ्याचे पुस्तक काउंटरवर ठेवले.

"वाचून झालं. ह्यांनीच वाचलं, पानं उलटून," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. पण धाकटी जाते ती जातेच. बाप वरच्या दिव्यापाशी बसून राहतो. खरं असंच होत असणार, लेखकाला मी नावं ठेवत नाही. पण ह्यांच्या गोष्टीत ड्रायव्हर बस वळवतो आणि पोरीला परत धक्क्यावर आणून सोडतो. मला दोन्ही शेवट पाहिजेत. मी ह्यांना सांगितलंय, लिहून काढा."

"अगं, मी ड्रायव्हर माणूस," काका पुटपुटले.

"मग ड्रायव्हरसारखं लिहा. सरळ रस्त्याला सुसाट, आणि वळणावर हळू."

काका चार महिने लिहीत होते. दोनशे पानी वहीत, एक ओळ सोडून एक, पाटीवर काढावे तसे टपोरे अक्षर. दादांनी ती वही आपल्याच कारखान्यात जाड दोऱ्याने शिवून आणि निळ्या पुठ्ठ्यात बांधून आणली. आता प्रश्न आला नोंदीचा.

"छापलेलं पुस्तक नाही हे. यादीत घ्यायचं का?" शिक्केकाकांनी विचारले.

बाईंनी वही उघडली. चार पाने वाचली, मग आणखी दहा वाचली. वाचताना त्या खुर्चीत बसल्या त्या पाऊण तासानेच उठल्या. "शिवलेलं आहे, वाचता येतंय, आणि वाचणारा माणूस दारात उभा आहे," त्या म्हणाल्या. "आणखी काय लागतं पुस्तकाला? घ्या."

शिक्केकाकांनी नोंद स्वतः टाइप केली. दाखल क्रमांक एक्केचाळीस हजार दोनशे सोळा. नाव, 'तिसरा भाग, दुसऱ्या वाटेने'. शेरा, 'हस्तलिखित, एकच प्रत. हात स्वच्छ धुऊन घ्यावे. क्लचचे वर्णन विस्ताराने आहे, ते गाळू नये.'

मला वाटले, या नोंदीची आठवण आम्हा चार-सहा जणांनाच राहील. पण काकू तपासणीला इस्पितळात गेल्या की रांगेतल्या सगळ्यांना ती गोष्ट सांगत. पाचव्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीतून मला विचारणा आली, 'तिसरा भाग, दुसऱ्या वाटेने, आहे का?' मी म्हटले, 'आहे. जागेवर.' ती प्रत डोळ्यांच्या वॉर्डात गेली आणि तिथल्या नर्सने ती पालथे झोपलेल्या दोघांना वाचून दाखवली. मग महिला मंडळाने मागितली. मग कॉलेजने. कारखान्याची विचारणा आली ती दुपारी बरोबर सव्वा वाजता.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. पुस्तके देण्याघेण्याचे काम वरच्या मजल्यावरचा नवा, चकचकीत सर्व्हर करतो. तो चांगला मुलगा आहे, स्क्रूही सगळे लावलेले आहेत. माझ्याकडे एकच काम ठेवले आहे, शेजाऱ्यांना विचारायचे आणि वाचकाला सांगायचे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. एक काम नीट करणाऱ्याला जगात जागा असते.

जाता जाता तुमच्याकडे थोडेच मागतो. वाचनालयातले पुस्तक पाहून झाले की ज्या खणातून काढले त्याच खणात ठेवा. ते दुसरीकडे ठेवलेत की मी इमानाने खोटे सांगतो. कधी नोंद करायची वेळ आली, तर आपल्याला न ओळखणारे कोणी ती वाचणार आहे असे समजून लिहा. माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राचा पंखा तीन महिन्यांतून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. आणि कोणी तुमच्या प्रश्नाला गप्प राहिले, तर लगेच नकार समजू नका. पुन्हा एकदा विचारा.

आज सकाळीच ते दोघे आले होते. काकूंचा चष्मा आता साधा आहे. त्यांनी काउंटरवर हात टेकून विचारले, "दीपगृहाच्या कादंबरीचा चौथा भाग आहे का?"

शिक्केकाका चक्रावले. "चौथा? तीनच भाग आहेत."

"तुम्ही विचारा तर खरं."

मी आधी माझ्या पोटात शोधले, मग चौघांना हाक दिली. चौघांचेही उत्तर आले.

"नाही," शिक्केकाका पडदा वाचत म्हणाले.

"सगळ्यांनी उत्तर दिलंय ना? कुणी गप्प नाही ना बसलं?"

"पाचही जणांनी दिलंय. कुठंच नाही."

काकूंनी पिशवीतून कोरी दोनशे पानी वही काढली आणि नवऱ्यापुढे धरली. "ऐकलंत? चौथा भाग कुठंच नाहीये."

काकांनी डोके खाजवले. "अगं, पण बस आता कुठल्या गावाला न्यायची?"

"आधी सुरू तर करा," काकू म्हणाल्या.